मामाला जड दात

दिवाळी अंकात दातांच्या डॉक्टरणीने लिहावं हे तसं रास्तच आहे. कडक झालेल्या चकलीने आमच्या धंद्याला जेवढा हातभार लावला आहे, तेवढा कुठल्याही जाहिरातीने लावलेला नाही. पण आज मोठ्यांच्या दातांबद्दल लिहायचं नाही. बडोद्याच्या कारेलीबागेत स्टेशनरीच्या दुकानावर माझा दवाखाना होता आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं शाळेच्या युनिफॉर्ममध्ये यायची. मोठ्यांचे दात मी पोटासाठी पाहिले, मुलांचे हौसेने. आजूबाजूचे गुजराती लोक मला 'दांतवाळां बेन' म्हणत आणि माझं खरं नाव बहुतेकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुधाचा दात काढला की आईबाप तो उलटासुलटा करून बघत आणि घाबरून विचारत, "मूळ आत राहिलं का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर झोपेतही देईन. खालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरत जातं. शेवटी वरची नुसती टोपी उरते आणि ती पडते. मूळ आत राहिलेलं नसतं, संपलेलं असतं.

त्यानंतर माझा प्रश्न असायचा, "दात घरी नेणार की इथंच टाकू?" इथंच टाका म्हणणारी माणसं अगदी थोडी. शेजारचा फोटोवाला मला कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या द्यायचा, त्यांत घालून मी दात घरी पाठवायचे. घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे मी चौकसपणे विचारून घ्यायचे, कारण प्रत्येक घरचं उत्तर वेगळं. आम्हा मराठी लोकांत दात छपरावर फेकायचा आणि उंदराला सांगायचं, माझा जुना घे नि तुझ्यासारखा पक्का दे. एक तेलुगू कुटुंब दात शेणाच्या गोळीत घालून फेकायचं. बडोद्यात रस्त्यावर शेणाला तोटा नाही, त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. मस्कतहून नोकरी संपवून परतलेल्या एका गृहस्थांचा मुलगा दात सूर्याच्या दिशेने भिरकवायचा, तिथल्या मित्रांकडून शिकून आला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्याला बंगला भाड्याने घेऊन राहिलेल्या एका जपानी इंजिनिअरच्या बायकोने मला खाणाखुणा करून समजावलं की खालचा दात छपरावर टाकायचा आणि वरचा घराच्या जमिनीखाली, म्हणजे नवे दात सरळ त्या त्या दिशेने येतात. शास्त्राला धरून नसलं तरी मला हे फार पटलं. नाताळच्या सुट्टीत अमेरिकेहून येणारी नातवंडं दात उशीखाली ठेवायची आणि परीला बडोद्याचा पत्ता माहीत असेल का म्हणून रडायची.

मग कारेलीबागेतल्या बैठ्या सोसायट्या एकेक करून पडू लागल्या, त्या जागी अपार्टमेंट आली आणि या सगळ्यांची पंचाईत झाली. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याने छप्पर कुठून आणायचं? एका वडिलांनी हट्टाने बाल्कनीतून मुलाचा दात वर भिरकावला, तो वरच्या मजल्यावरच्या काकींच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडला. काकी दात घेऊन थेट माझ्याकडे. "बेन, आ कोनो छे?" दात बघून माणूस ओळखायची माझी विद्या एवढी पुढे गेलेली नव्हती, पण खालच्या मजल्यावर कोण बोळकं घेऊन फिरतंय ते मला माहीत होतं.

या सगळ्या रीतींत एक गोष्ट सारखी. दात आपल्या वेळेला पडतो आणि घर त्याला मानाने निरोप देतं. मला सांगायचं आहे ते अशा एका दाताबद्दल, जो घालवायला घर पहिल्या दिवसापासून टपून बसलं होतं.

एका दुपारी जुन्या गावातल्या पाणीगेटहून तीन बायका आल्या. तीन म्हणजे एक आजी, तिची बाळंतीण मुलगी आणि आठ दिवसांची नात. आजीचं नाव सुमनबाई. सासऱ्यांच्या आधीच्या पिढ्या गायकवाडी फौजेत होत्या आणि त्यातलं काहीतरी सुमनबाईंच्या पाठीच्या कण्यात उतरलं असावं, त्या खुर्चीवर बसल्या तरी उभ्याच वाटायच्या. मुलगी ज्योती, सुरतेला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सुमनबाईंनी टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टरबेन, पोरीला दात आहे. काढून टाका."

बाळाने जांभई दिली आणि मला दिसला. खाली पुढे, डावीकडे, तांदळाच्या कणीपेक्षा जरासा मोठा, पिवळसर दात. जन्मतः दात घेऊन येणारी बाळं क्वचित असतात. मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते.

"का काढायचा?" मी विचारलं.

"मामाला जड असतो," ज्योती खाली बघत म्हणाली.

आपल्याकडे आणि गुजराती लोकांतही ही समजूत आहे. दात घेऊन जन्मलेलं किंवा वरचे दात आधी आलेलं मूल मामाच्या जिवावर उठतं म्हणतात. इथं मामा एकच होता. ज्योतीचा भाऊ दिलीप, सुमनबाईंचा एकुलता मुलगा. नवरा गेल्यावर त्याच्याच पगारावर घर चाललेलं. बाळाचा दात दिसल्या दिवसापासून त्यांनी त्याला अकोट्याला मित्राच्या खोलीवर राहायला पाठवलं होतं, कारण मामाने बाळाचं तोंड बघायचं नाही. चार दिवसांनी बारसं होतं. सुरतेची मंडळी येणार, मामा समोर हवा, आणि दात असेपर्यंत तो समोर येऊ शकत नव्हता. सासरी दाताबद्दल अजून कुणाला कळवलंच नव्हतं.

मी बाळाच्या तोंडात बोट घालून त्याचं ओढणं पाहिलं, दात हलवून पाहिला, लहानशा फिल्मवर एक्स-रे घेतला. दात किंचित हलत होता, पण धरून होता. मुख्य म्हणजे तो जास्तीचा नव्हता. हाच तिचा हक्काचा दुधाचा दात, फक्त सहा-सात महिने लवकर आलेला. काढला असता तर पक्का दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षांची होईपर्यंत, तिथं खिंडार राहिलं असतं. शिवाय इतक्या लहान बाळाचं रक्त गोठायला वेळ लागतो, जखम नको तेवढी वाहू शकते. दात अगदी लोंबत असता आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असती, तर तयारीनिशी मीच काढला असता. तसं नव्हतं. फक्त त्याच्या धारेने जिभेखाली घासून फोड आला होता आणि पाजताना ज्योतीच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याला उपाय एकच, धार घासून गुळगुळीत करायची.

हे सगळं मी सांगितलं. सुमनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल. पण मला मुलगा एकच आहे. तुम्हाला फावत नसेल तर आमच्या गल्लीत एक म्हातारी रेशमाच्या दोऱ्याने काढते."

माझा स्वभाव मुळात हट्टी. लहानपणी आई म्हणायची, ही एकदा नाही म्हणाली की देवालाही ऐकायची नाही. त्या दिवशी मी ठरवलं की दोऱ्याची म्हातारी या दाताला हात लावणार नाही. पण ठरवून काय उपयोग? बाळ त्यांचं, दात त्यांचा, भीतीही त्यांची. ती हसण्यावारी न्यावी अशी नव्हती. आईची भीती होती.

"तुमचा दिलीप आत्ता कुठं आहे?" मी विचारलं.

ज्योतीने खिडकीकडे बोट दाखवलं. खाली रस्त्यावर एक तरुण स्कूटरला टेकून उभा होता. भर उन्हात, काळ्या काचेचं हेल्मेट घालून. त्या काळात बडोद्यात हेल्मेट घालणारा माणूस शोधूनही सापडत नसे. बाळाचं तोंड चुकूनसुद्धा नजरेला पडू नये म्हणून आईने ते कुणाकडून तरी मागून आणलं होतं आणि तो बिचारा त्यात शिजत होता.

मी जिना उतरून त्याच्यापाशी गेले. काच वर कर म्हटलं तर म्हणाला, "बाळ नाही ने बरोबर?"

"नाही. मी एकटीच आहे."

काच वर झाली. घामाने निथळणारा पंचविशीतला चेहरा. मी विचारलं, "तुला भीती वाटते?"

"नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "म्हणजे थोडी. रात्री वाटते. दिवसा लाज वाटते."

मला तो मुलगा तिथंच आवडला. मी म्हणाले, "हे बघ दिलीप, दात घासायचाय. काढायचा नाही, घासायचाय. माझी मदतनीस गावी लग्नाला गेलीय. तुझ्या बहिणीचे टाके ओले आहेत, तिचे हात कापतात. दात ठेवायचा असेल तर तुझी आई हात लावायची नाही. बाळाचं डोकं धरायला मला माणूस पाहिजे."

त्याने वर खिडकीकडे पाहिलं. मी त्याला गळ घातली नाही, उत्तराची वाट पाहत उभी राहिले. रस्त्यावरून एक हातगाडीवाला ओरडत गेला. मग दिलीपने हेल्मेट काढून स्कूटरच्या हँडलला अडकवलं आणि माझ्यापुढे जिना चढू लागला.

तो आत आला तशी सुमनबाई ताडकन उठल्या. "दिल्या, बाहेर!"

"आई, शांती राख ने," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण पाय थांबले नाहीत. खुर्चीच्या उशीवर बाळाला ठेवलं होतं, तिथं त्याने दोन्ही तळवे तिच्या कानशिलांना लावले आणि मी ओठ खाली ओढला तेव्हा सरळ तोंडात पाहिलं. "आटलाच? एवढ्यासाठी मी आठ दिवस अकोट्याला मच्छर मारत बसलो?"

ज्योती रडता रडता हसली. मी अगदी बारीक दगडाने, थांबत थांबत, दाताची धार मोडली. मधेच बाळाने दिलीपचं बोट तोंडात पकडलं आणि गच्च आवळलं. "बेन, ही चावते!" तो ओरडला, आणि त्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. मामा झाल्याचा आनंद होता, दुसरं काही नाही. सुमनबाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

बारसं थाटात झालं, नाव गौरी ठेवलं. मला वाटलं, जिंकले. माझी ही समजूत दीडेक महिना टिकली.

पाणीगेटजवळ दिलीपच्या स्कूटरला गाय आडवी आली. तो पडला आणि उजवा पाय मांडीत मोडला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी सुमनबाई दारात उभ्या. कडेवर गौरी, मागे रडून डोळे सुजलेली ज्योती.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

खरं सांगते, मनातून मी हादरले होते. इतकी वर्षं शिकलेली बाई, आणि क्षणभर माझ्याही मनात येऊन गेलं की काढला असता तर? त्या एका क्षणामुळेच मला सुमनबाईंचा राग कधी धरता आला नाही.

"मी काढणार नाही," मी म्हणाले.

"तुम्ही नाही तर दुसरा. या गावात काय एकच दातवाली आहे?"

हे मात्र खरं होतं. दात आहे, आई-आजी काढा म्हणतायत, हातात पकड आहे. दुसरा कुणी दोन मिनिटांत काढून मोकळा झाला असता. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली. "चला. ज्याच्यासाठी काढायचा त्यालाच विचारू. तो हो म्हणाला तर मी स्वतः तुमच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे येते."

दिलीप हो म्हणाला असता तर मला शब्द पाळावा लागला असता. रिक्षात सबंध रस्ताभर माझा जीव टांगणीला लागला होता. गौरी खुशाल आजीचा पदर ओढत होती.

हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात दिलीप पाय ताणात बांधून पडला होता. चेहरा पांढराफटक. सुमनबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, हट्ट सोड. हे बघ काय झालं. पुढच्या वेळी पायावर भागणार नाही."

दिलीपने डोळे मिटले. मला वाटलं, गेलं. वेदनेत माणूस कशालाही हो म्हणतो.

"आई, गाय आडवी आली," तो डोळे मिटूनच म्हणाला. "गायीला आधी विचार, तुला कुणाच्या पोरीने पाठवली."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खुदकन हसला. सुमनबाई हसल्या नाहीत.

"मी मागे वळून मित्राशी बोलत होतो. पुढे बघितलं नाही. पाय मी मोडला." आता त्याने डोळे उघडले. "हा दात माझ्यासाठी काढायचा ने? मग माझं ऐक. मी नाही म्हणतो. आणि तू माझ्या नकळत काढलास, तर मी बरा होऊन घरी येणार नाही. अकोट्याची ती खोली अजून रिकामी आहे."

मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांची हनुवटी एकसारखी पुढे आलेली. मला तेव्हा कळलं की हट्टीपणात मी या घरापुढे कच्चं लिंबू आहे.

शेवटी सुमनबाईंनी गौरीला ज्योतीकडे दिलं. "ठीक. दात राहू दे. पण तो असेपर्यंत मी हिच्या तोंडात बघणार नाही."

त्या बोलल्या तशा वागल्या. सहा वर्षं.

गौरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी यायची आणि दिलीप तिला दर वेळी माझ्याकडे तपासायला आणायचा. तोवर तो लग्न करून मोकळा झाला होता, शहराबाहेर नव्याने आलेल्या एका औषधांच्या कारखान्यात चांगल्या नोकरीला लागला होता. थंडीत पाय दुखतो एवढीच काय ती आठवण. त्याच्याकडून मला कळायचं. सुमनबाई नातीचं सगळं करायच्या. न्हाऊमाखू घालायच्या, वेण्या घालायच्या, तिच्यासाठी शेवेचे लाडू करायच्या. भरवायचं असलं की ताट पुढे करून दुसरीकडे बघायच्या. पोर हसली की त्यांना गॅसवरचं काहीतरी आठवायचं. आणि गौरी, मुलं ज्या गोष्टी न सांगता शिकतात तशी, एक गोष्ट शिकली होती. आजीसमोर हसताना तोंडावर हात ठेवायचा.

माझ्यासमोर ती मोठ्याने, सगळे दात दाखवून हसायची. एकदा हसता हसता दारात कुणाची तरी चाहूल लागली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. कंपाउंडर होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दात वाचवला म्हणून मी मिरवत होते, आणि त्याची किंमत ती पोर चुकवत होती. पण यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

सातव्या उन्हाळ्यात दिलीपचा फोन आला. "बेन, गौरीचा दात हलतोय. तो ज, जन्मापासूनचा. आईला कवळी बसवायचीय म्हणून तिला उद्या तुमच्याकडे आणतो. गौरीलाही आणतो."

"दोघींना एकदम कशाला?"

"दात पडायच्या आधी आईने तो बघायला पाहिजे," तो म्हणाला. "पडल्यावर तोंडात बघितलं तर काय बघितलं?"

दुसऱ्या दिवशी सुमनबाई खुर्चीत बसल्या. आता वाकल्या होत्या, तोंडाचं पार बोळकं झालं होतं. मी मेणाने माप घेतलं. गौरी कोपऱ्यात स्टुलावर, तोंडावर हात. माप घेऊन झालं तसा दिलीप पुढे झाला.

"आई, गौरीचा दात आज-उद्या पडेल. एकदा बघ."

"पडू दे. मग बघते."

"मग काय बघणार? हिरडी? सहा वर्षं मी तुझ्यासमोर धडधाकट फिरतोय. अजून कसली भीती?"

सुमनबाईंनी पदराने ओठ पुसले. "फिरतोयस ने? मी बघितलं नाही म्हणून फिरतोयस."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं आम्ही याला तिटकारा समजत होतो. तो तिटकारा नव्हता. मुलाच्या जिवासाठी धरलेला नेम होता. नातीच्या हसण्याकडे पाठ फिरवताना त्या बाईच्या काळजाला काय वाटलं असेल ते तिचं तिलाच माहीत. आणि याला उत्तर काय द्यायचं? तिचा मुलगा तिच्यासमोर जिवंत उभा होता. तिच्या लेखी हाच पुरावा होता. माझ्या पुस्तकांत याचं खंडन करणारी एक ओळ नव्हती.

गौरी स्टुलावरून उतरली आणि खुर्चीपाशी गेली. तोंडावरचा हात तसाच ठेवून, बोटांच्या फटीतून तिने विचारलं, "आजी, तुझे सगळे दात गेले?"

"गेले ग."

"माझा एक मामाला जड आहे. तुझे कुणाला जड होते?"

सुमनबाईंनी हात पुढे केला, गौरीचं मनगट धरलं आणि तो हात तिच्या तोंडावरून हलकेच खाली घेतला.

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "आ कर."

गौरीने मामाकडे पाहिलं. मामाने मान डोलावली, पण त्याचे डोळे भरून आले होते. तिने आ केला. मी दिवा फिरवून खाली आणला. सुमनबाई पुढे वाकल्या आणि बघत राहिल्या. बराच वेळ. मग एक बोट आत घालून दाताला हळूच लावलं. तो झोके खाऊ लागला तसं त्यांनी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

"डॉक्टरबेन, हा तर फार हलतोय."

"त्याची वेळ झाली," मी म्हणाले. "खालून नवा येतोय. मोठा, पक्का."

"नवा येईल ते समजलं. पण हा जाणार ने?"

"हो."

त्यांनी गौरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. गौरी आ मिटायला तयार नव्हती. सुमनबाई माझ्याकडे वळल्या आणि ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, अशा मऊ आवाजात म्हणाल्या, "थोडे दिवस धरून ठेवता येतो का हो? तार-बीर बांधून? मी आत्ता तर कुठं बघितला."

सुटला की थांबत नाही, असा दात तो. माझ्या कपाटात दात काढायची हत्यारं होती, भरायची होती, घासायची होती. दुधाच्या दाताला त्याची वेळ झाल्यावर थोपवून धरणारं एकही नव्हतं. त्या दातापायी मी सुमनबाईंना दोनदा नाही म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा ठणकावून. या वेळीही नाहीच म्हणावं लागलं, पण ठणकावता आलं नाही.

"नाही सुमनबाई," मी म्हणाले. "आज आहे तोवर बघून घ्या."